न हलणारा अंगठा

घाटावरून परत आल्यापासून माझी पाठ धरली आहे, ती अजून सोडायला तयार नाही. येणारा-जाणारा विचारतो, कुठे कुठे फिरलात गुरुजी? मी सांगतो, सांगली, कऱ्हाड, सातारा आणि शेवटी माण तालुका. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की तिथे जाऊन केलंत काय? याचं उत्तर देताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. हायस्कुलातून पेन्शन घेतल्यापासून तारे किती लांब आहेत आणि ते कसं मोजतात, यावर मी गावोगाव व्याख्यानं देत फिरतो. बिदागी नाही, मानपान नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. निघताना बायको म्हणाली, तारे आपल्या अंगणातूनही तेवढेच लांब आहेत, त्यासाठी घाट कशाला चढायचा?

खरं सांगायचं तर या खेपेला मी थकूनच निघालो. तेच आकडे सांगून सांगून माझा मलाच कंटाळा आला होता. लोक आकडा ऐकतात, टाळी वाजवतात आणि घरी जाऊन झोपतात. कुणाचं काही अडत नाही. हा शेवटचाच दौरा असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तरीही हे लिहायला बसलो आहे, त्याला कारण माणातला एक माणूस. त्याला स्वतःची तान्ही पोर उचलून घेता येत नव्हती, कारण हातभर अंतराचा त्याला अंदाज लागत नव्हता. कोट्यवधी मैलांच्या माझ्या गप्पा त्या हातभर अंतराशी येऊन ठेपल्या. तेवढं सांगितलं की माझं काम झालं. पण वाटेत सांगली, सातारा लागतं, ते टाळून कसं चालेल?

सांगली

सांगलीला माझे यजमान अण्णा. हळदीचे व्यापारी, जैन, वयाने माझ्याच बरोबरीचे. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या फलाटावर ओळख झाली आणि तेव्हापासून त्यांचं बोलावणं होतं. त्यांनी आधी मला हळदीची पेवं दाखवली. जमिनीत खोल आडासारखा खड्डा, तोंड अरुंद, आत पोत्यांवारी हळद. पेव उघडलं की आधी आत दिवा सोडतात. दिवा विझला नाही तर मग माणूस उतरतो. आमच्या कोकणात जमिनीत काही ठेवलं तर पावसाळ्यात त्याचं सार होईल, हे मी त्यांना सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते.

त्यांच्याकडचं जेवण दिवस मावळायच्या आत. संध्याकाळचं ऊन अजून भिंतीवर होतं आणि माझ्यापुढे ताट आलं. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठची भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. कांदा नाही, लसूण नाही, तरी वांगं असं की मी तिसरी भाकरी मागून घेतली. ताऱ्यांवर बोलणाऱ्या माणसाला तारे निघायच्या आत जेवायला लागावं, याची गंमत अण्णांना फार वाटली. मला मात्र त्या वेळेला भूक कशी लावून घ्यायची हा प्रश्न पडला होता, तो वांग्यांनी सोडवला.

व्याख्यान त्यांच्या अडतीच्या दुकानाच्या ओसरीवर झालं. मी प्रकाशवर्षापाशी आलो. उजेड एका सेकंदात एक लाख शहाऐंशी हजार मैल जातो. तो वर्षभर असाच धावला तर जेवढी वाट चालून होईल, ते एक प्रकाशवर्ष. मैलांत सांगायचं तर जवळजवळ सहा लाख कोटी. इथे नेहमीप्रमाणे टाळी पडली आणि नेहमीप्रमाणे मला थकवा आला. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आमच्या पोथ्यांत रज्जू म्हणून माप हाय. डोळ्याची पापणी लवायच्या आत लाख योजनं जाणारा देव सहा महिने उडत ऱ्हायला, की झाला एक रज्जू."

त्यांचा देव आणि माझा उजेड यांच्या वेगाचा मेळ बसेल असं नाही, आणि अण्णांचाही तसा दावा नव्हता. पण वाट एवढी मोठी असली की मैल मोजून भागत नाही, चालणाऱ्याची चाल धरायची आणि काळ सांगायचा, ही युक्ती त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. मला जे समजावायला पाऊण तास लागायचा, ते सांगलीकरांनी वांग्याच्या देठासारखं सहज बाजूला काढून ठेवलं. त्या दिवशी मी जरा लवकर मोकळा झालो.

कऱ्हाड

कऱ्हाडला व्याख्यान ठरलं होतं, पण सभेच्या जागी लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. मला मनातून बरंच वाटलं. दिवेलागणीला कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बसलो. दोन्ही नद्या समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात आणि मग एकत्र बाजूला वळतात. असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पलीकडच्या काठाने बैलगाड्या चालल्या होत्या आणि प्रत्येकीखाली एकसारखा कंदील टांगलेला होता. जवळच्या गाडीचा ठळक, लांबच्या गाडीचा बारीक.

फार लांबचे तारे याच रीतीने मोजतात. काही ताऱ्यांचा उजेड ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतो, आणि त्या चढउताराला जितके जास्त दिवस लागतात तितका तारा मुळात मोठा दिवा असतो. दिवा मुळात केवढा ते कळलं, की तो किती मिणमिणता दिसतो त्यावरून त्याचं अंतर काढता येतं. हे कऱ्हाडकरांना सांगायचं राहिलं. वऱ्हाडातल्या एका गृहस्थांनी मला आग्रहाने जिलबी खायला घातली, एवढंच पदरात पडलं.

सातारा

साताऱ्याचं स्टेशन शहरापासून इतकं लांब का ठेवलं आहे, हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक. तिथून मोटारीच्या टपावर काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणारा माझा जादूचा कंदील बांधला होता, तो एका खड्ड्यात सुटून खाली पडला. चित्रांच्या काचांचा चुराडा झाला. देवयानीतला तेजोमेघ, कृत्तिका, सगळं रस्त्यावर. ड्रायव्हर म्हणाला, काच फुटली म्हणजे इडा पिडा गेली. मला त्याच्याशी भांडायचंही त्राण नव्हतं. नाहीतरी लढाईपासून कंदिलाला लागणारं रॉकेल परमिटावाचून कुठे मिळत नव्हतं.

साताऱ्याचे श्रोते म्हणजे सगळे पेन्शनर. कुणी कचेरीतले, कुणी पलटणीतले. त्यांत जमीन मोजणीखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. त्यांचा पहिला प्रश्न असा, की मोजणीची साखळी घेऊन वर गेलं कोण? दुसरा असा, की वर्ष हे काळाचं माप, त्याने अंतर मोजणं हा आचरटपणा नव्हे काय? मला सांगलीच्या अण्णांची फार आठवण झाली.

पण साखळीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच पेशातलं होतं. मी म्हटलं, अजिंक्यतारा न चढता त्याचं अंतर तुम्ही कसं काढता? ते चटकन म्हणाले, पाया धरायचा. सपाटीवर दोन खुंट्या, त्यांच्यातलं अंतर मोजलेलं. दोन्हींकडून किल्ल्याकडे बघायचं, कोन घ्यायचे. मी म्हटलं, ताऱ्यालाही तेच. फक्त दोन खुंट्या पृथ्वीवर मावत नाहीत. म्हणून ज्योतिषी, म्हणजे पत्रिका मांडणारा नव्हे, दुर्बिणीतून बघणारा, आज एकदा तारा बघतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघतो. तेवढ्यात पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेलेली असते, म्हणजे साडेअठरा कोटी मैलांचा पाया फुकटात मिळतो. जवळचा तारा मागच्या लांबच्या ताऱ्यांवरून किंचित सरकलेला दिसतो. किती किंचित? रुपया अडीच मैलांवर धरला तर जेवढा दिसेल, सगळ्यांत जवळचा तारा तेवढाच सरकतो. या सरकण्याला लंबन म्हणतात. जितका तारा लांब तितकं लंबन कमी.

मोजणीवाले गृहस्थ पटल्यासारखे दिसले. पण सभेनंतर मला म्हणाले, "ठीक आहे हो. पण हे कळून उपयोग काय?" मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीही तोच प्रश्न रत्नागिरीपासून बरोबर घेऊन फिरत होतो. त्या रात्री साताऱ्याच्या थंडीत दोन घोंगड्या घेऊनही झोप लागली नाही.

माण

माणात जायचं काही कारण नव्हतं. पण दहिवडीच्या पलीकडे एका गावात माझा जुना विद्यार्थी केळकर शाळामास्तर आहे. त्याचा हट्ट मोडवेना. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटार कोळशावर चालणारी. चढ आला की उतारूंनी उतरायचं, आणि तिकडे चढ बरेच.

आमच्या कोकणात शेजारचं घरही झाडीत लपलेलं असतं. कुकारा घातला आणि ऐकू गेला तर ते जवळ. इथे सगळं उघडं. माळावर एक बाभळ दिसली की वाटतं ही आली, आणि तासभर चाललं तरी ती तिथेच. दुरून डोंगर साजरे हे खरं, पण माणातले डोंगर जवळ गेल्यावरही तसेच उघडे-बोडके दिसतात. पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता. तरी केळकरच्या शेजारणीने बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणाचा ठेचा पाठवला. ठेच्याने माझे डोळे पाणावले, ते पाहून तिला फार समाधान वाटलं असं दिसलं.

व्याख्यान शाळेच्या पटांगणात, ऊन कलल्यावर. केळकरने दवंडी पिटवली होती, की कोकणातले गुरुजी जागचं न हलता लांबचं अंतर कसं मोजायचं ते शिकवणार आहेत. शंभर माणूस जमलं असेल. खाकी कोट घातलेले रजेवरचे आणि सुटून आलेले शिपाई बरेच, मेंढरं राखणारी धनगर मंडळी, बायका वेगळ्या बसलेल्या. काचा नाहीत, कंदील नाही, नुसतं तोंड चालवायचं. पण इथे प्रकाशवर्ष सांगताना मला काही कष्टच पडले नाहीत. मेंढरं घेऊन चार मुक्कामांची वाट, सहा मुक्कामांची वाट, असंच ते बोलतात. व्याध नऊ वर्षांच्या वाटेवर आहे म्हटलं तर कुणी टाळी वाजवली नाही. फक्त कुणाच्या चालीनं, एवढं विचारलं. उजेडाच्या, असं मी सांगितलं.

एक म्हातारी धनगरीण उठून उभी राहिली. "आवं गुरुजी, ह्यो उजीड वाटंत कुठं मुक्काम करत न्हाई?"

मी म्हटलं, नाही, कुठेच थांबत नाही.

"मग लय दमत आसंल," असं म्हणून ती खाली बसली. कुणी हसलं नाही. मला तिच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटलं.

मग मी लंबनाकडे वळलो. सगळ्यांना सांगितलं, हात लांब करा, अंगठा धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. पटांगणभर अंगठे वर झाले आणि हशा पिकला. पण अगदी पुढे, माझ्या पायांशी बसलेला एक तिशीतला माणूस हसत नव्हता. पाठ ताठ, मान ताठ, हात बंदुकीसारखा सरळ. तो म्हणाला, "गुरुजी, माझा न्हाई हालत."

दमलेला माणूस दुसऱ्याकडे नीट पाहत नाही. मी म्हटलं, आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. पटांगणातले अंगठे एकेक करून खाली आले. तेव्हा मला दिसलं, की त्याचा डावा डोळा मिटलेलाच होता आणि कधी उघडणार नव्हता. त्याने हात खाली घेतला, पण तो उठून गेला नाही. मी कसंबसं व्याख्यान आवरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची मोटार आलीच नाही. तो माणूस मात्र आला. त्याचं नाव ज्ञानू, पलटणीत नाईक होता, इटलीच्या लढाईत डोळा गेला. तांब्यात शेळीचं दूध घेऊन आला होता. ते माझ्या भांड्यात ओतताना त्याने तांब्याचं तोंड भांड्याच्या काठाला टेकवलं आणि मगच कलतं केलं. माझं लक्ष गेलं तसं त्याने सांगायला सुरुवात केली. डोळा गेल्यापासून वस्तू दिसतात, पण किती लांब आहेत ते कळत नाही. हात लावून बघता येतं ते जमतं. चालणं जमतं, मोट हाकणं जमतं. पण दिवाळीच्या सुमाराला त्याला मुलगी झाली, कमळी. ती महिन्याची असताना तिला झोळीत ठेवायला गेला. दोन्ही हातांत पोर, म्हणजे हात लावून बघायची सोय नाही. झोळी हलत होती. त्याने पोर ठेवली ती झोळीच्या अलीकडे. खाली घोंगडीची चळत होती म्हणून वाचली.

"त्या दिसापास्नं म्या तिला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "दवंडी आयकली. वाटलं, अंतर मोजायचं शिकवत्यात, तर शिकून घिऊ."

मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. मी म्हटलं, ज्ञानू, हे डॉक्टरचं काम आहे, मी ताऱ्यांचं बोलतो. तो म्हणाला, डॉक्टरला विचारलं, ते म्हणाले सवय होईल. आणि तो ताठ मानेने माझ्याकडे बघत बसून राहिला. मोटार यायची चिन्हं नव्हती. पळायला वाट नव्हती, म्हणूनच मी विचार करू लागलो, हे मला मान्य केलं पाहिजे.

आणि त्या ताठ मानेकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्योतिषाला तरी दोन डोळे कुठे असतात? दुर्बीण एकच, डोळा एकच. तो अंगठ्याचा खेळ खेळतच नाही. तो एकाच डोळ्याने इथून बघतो, मग पृथ्वी त्याला हलवते, आणि तो तिथून बघतो. मी ज्ञानूला विचारलं, तू मान अशी का धरतोस? तो म्हणाला, "बंदुकीचा नेम धरताना मुंडी दगडावानी ठिवायची, ह्येच शिकवलंय. डोळा गेल्यापास्नं तर आनखीच घट्ट धरतो. नेम चुकू ने म्हनून."

म्हणजे ज्या शिस्तीने त्याला शाबासकी मिळाली होती, तीच आता त्याचा घात करत होती. मी म्हटलं, मान हलव. आधी डावीकडे ने, बघ. मग उजवीकडे ने, बघ. जवळचं जास्त सरकेल, लांबचं कमी.

आम्ही त्याच्या घरी गेलो. झोळी आढ्याला टांगलेली, मागे भिंतीत कोनाडा. त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. झोळीचा काठ कोनाड्यावरून सरकला. "सरकलं," तो म्हणाला, आणि पुन्हा केलं. मग आम्ही काठ्यांनी सराव केला. मी एक काठी हवेत धरायची, त्याने आपल्या काठीचं टोक तिच्या टोकाला भिडवायचं. सुरुवातीला पाच-सहा वेळा काठी माझ्या पोटात आली. त्याची बायको हौसा दारात कमळीला कडेवर घेऊन उभी होती, पदर दातांत धरून. डुलत्या नवऱ्याकडे बघून तिला हसूही येत होतं आणि मधेच तिचे डोळेही भरत होते. मग करडू आणलं. ते त्याने झोळीत बरोबर मधोमध ठेवलं. करडाने उडी मारून पळ काढला. पुन्हा धरून आणलं, पुन्हा बरोबर. माझे हात भरून आले होते आणि दुपार होत आली होती, पण थांबूया असं मला म्हणवेना.

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. केळकर माझी वळकटी घेऊन मला न्यायला आला. मी ज्ञानूला म्हटलं, घाई नको, महिनाभर करडावरच सराव कर. पण हौसा पुढे आली आणि काही न बोलता तिने कमळीला त्याच्यापुढे धरलं. झोळीखाली तिने आधीच घोंगडी अंथरली होती.

ज्ञानूने हात पुढे केले. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. कमळी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्याने तिला घेतलं, नीट, दोन्ही काखांखाली. मग तो झोळीकडे वळला. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. झोळी वाऱ्याने जराशी हलत होती, तो तिच्याबरोबर वाकला, आणि पोर झोळीच्या तोंडाशी अगदी बरोबर आली. तो तसाच थांबला.

"ठिवा की आता," हौसा म्हणाली.

"अंतर गावलंय मला," ज्ञानू म्हणाला. "पर ठिवत न्हाई."

त्याने कमळीला वर उचललं आणि खांद्याशी घेतलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मोटारीचा भोंगा पुन्हा वाजला, तेव्हा आम्ही निघालो. तोही कमळीला घेऊन माळापर्यंत आमच्याबरोबर चालत आला, आणि सगळी वाट त्याची मान सैल होती.